शिवी नेमकी कुठे बसते?

बोलण्यातल्या आणि लिहिण्यातल्या शिव्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या महिन्यात घेतली आहेत. जिथे शब्दच चर्चेचा विषय आहे तिथे तो आम्ही पूर्ण छापला आहे. शब्द झाकून त्याच्याबद्दल नीट बोलता येत नाही.

माझ्या कथेत पाण्याच्या पाळीवरून दोन भाऊबंदांचं भांडण आहे. गाव वाळवा तालुक्यातलं. राग दिसावा म्हणून मी लिहिलं: ‘साला हरामी, माझी पाळी असताना पाणी कुणी वळवलं? साला, माझ्या उसाची वाट लावली, कमीने!’ संपादकांनी ‘खोटं वाटतं’ असा शेरा मारून कथा परत केली. शिव्या वाढवू की कमी करू?
*— नवी कथालेखिका, सांगली*

आधी बदला, मग कमी करा.

तुमच्या शिव्या हिंदी सिनेमातून आल्या आहेत. ‘कमीने’ हे रूपच हिंदी आहे. मराठीत हाक मारताना ‘आ’चा ‘या’ होतो: मुडदा–मुडद्या, मेला–मेल्या. अकारान्त शब्दाला ‘आ’ लागतो: हलकट–हलकटा, गाढव–गाढवा. बाईला हाक मारताना शेवटी ‘ए’ येतो: सटवे, टवळे, भवाने. चिडलेला माणूस व्याकरण विसरतो असं आपल्याला वाटतं, पण संबोधनाचं रूप तो कधीच चुकत नाही. ते चुकलं की वाचकाला लेखक दिसतो, पात्र दिसत नाही.

‘साला’चं दुखणं वेगळं आहे. हिंदीत साला म्हणजे बायकोचा भाऊ. ‘तुझी बहीण माझ्या घरात आहे’ हा त्यातला डंख. मराठीत त्या नात्याला आपण मेव्हणा म्हणतो. त्यामुळे ‘साला’ मराठीत शिरताना डंख तिकडेच राहिला आणि नुसता उद्गार इकडे आला. आजचा वाळव्याचा शेतकरी ‘साला’ म्हणतोही, पण चालू न होणाऱ्या मोटरला. ज्या चुलतभावाचा गळा धरायचा आहे त्याच्यासाठी हा शब्द फार हलका पडतो.

आता नातं बघा. भाऊबंद म्हणजे आजोबा एकच. चुलतभावाला आईवरून शिवी दिली तर ती आपल्याच चुलतीला लागते, जिच्या हातचं लहानपणी खाल्लेलं असतं. म्हणून अशा भांडणात आईवरची शिवी बराच वेळ ओठांवर अडून राहते, आणि सुटली की भांडण पाण्याचं राहत नाही, घराचं होतं. तुमच्या कथेचा कणा इथे आहे. ती शिवी दुसऱ्या ओळीत खर्ची घालू नका.

राग चढतो तो आधी हाकेतून. थोरल्या चुलतभावाला आयुष्यभर ‘अण्णा’ म्हणणारा माणूस ज्या क्षणी ‘ए’ म्हणतो, तो पहिला घाव. नमुन्यादाखल असं करून बघा:

‘अण्णा, आज पाळी कुणाची?’
‘माझीच की.’
‘बुधवार माझा. कागद हाय.’
‘कागद घाल चुलीत.’
‘ए, पाणी सोड.’
‘काय म्हणालास?’
‘पाणी सोड म्हणतोय, रांडेच्या.’

शिवी एकच आहे आणि ती वाक्याच्या शेवटी आहे. तिच्यानंतर तुम्हाला ‘तो संतापला’ असं लिहावं लागणार नाही.

काम असं करा. प्रसंग आधी एकही शिवी न घालता लिहा. मोठ्याने वाचा. जिथे जीभ आपोआप अडखळेल तिथे एक ठेवा. एका प्रसंगात एका पात्राला एकच ठेवणीतली शिवी पुरते. दुसरी हवीच असेल तर ती पहिलीपेक्षा जड असली पाहिजे. शिव्या चढत्या भाजणीने येतात. ‘रांडेच्या’नंतर ‘नालायका’ आलं की राग ओसरल्यासारखा वाटतो. मग त्या तालुक्यातल्या तीन वेगवेगळ्या वयांच्या माणसांना विचारा: भाऊबंदाला काय म्हणाल, बैलाला काय म्हणाल, स्वतःवर चिडलात तर काय म्हणाल? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

तालुका मी मुद्दाम म्हणतो आहे. कोल्हापुरात दोस्ताच्या पाठीत थाप मारून ‘काय रं रांडच्या’ म्हटलं तर ती जवळीक असते. तेच रत्नागिरीत अनोळखी माणसाला म्हणालात तर हात उगारला जाईल. मालवणीत ‘मेल्या’ दर दुसऱ्या वाक्यात येतं आणि ‘आवशीचो घोव’ आश्चर्यालाही चालतो. नागपूरकडे ‘बे’ नुसत्या बोलण्यात असतं आणि मूर्खाला ‘भैताड’ म्हणतात. एका जिल्ह्याची शिवी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पात्राच्या तोंडी घातली की तिथला वाचक पुस्तक मिटतो.

आमचा आठवीतला मुलगा ऊठसूट ‘च्यायला’ म्हणतो. शाळेतून तक्रार आली. नवऱ्याचं म्हणणं, ही शिवीच नाही. खरं काय?
*— एक आई, ठाणे*

जन्माने शिवी आहे, वापराने आता उद्गार आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर.

शब्द उकलून बघा. ‘त्याच्या आईला’ यातला ‘त्या’ गळाला, ‘च्या आईला’ उरलं, ते जुळून ‘च्यायला’ झालं. आईला काय, ते क्रियापद कुणी बोलतच नाही. मराठी शिव्यांची ही जुनी रीत आहे: नातं सांगायचं, पुढचं ऐकणाऱ्यावर सोडायचं. ‘रांडेच्या’, ‘गाढवीच्या’, ‘सुक्काळीच्या’ यांतही षष्ठीचं रूप आहे आणि पुढचं नाम गायब आहे.

शिवीतल्या षष्ठीची नोंद पाणिनीनेही घेतली आहे. समास होताना विभक्तीचा प्रत्यय सहसा जातो. पण ‘षष्ठ्या आक्रोशे’ (६.३.२१) हे सूत्र सांगतं की निंदा करायची असेल तर षष्ठीचा प्रत्यय तसाच राहतो. पुढच्याच सूत्रात ‘पुत्र’ या शब्दापुरता विकल्प दिला आहे, म्हणून ‘दास्याः पुत्रः’ आणि ‘दासीपुत्रः’ दोन्ही रूपं होतात. आपला ‘अमकीच्या’ त्याच घराण्यातला आहे.

वापर वाढला की शिवी झिजते. ‘शिंच्या’ हा शब्द कोकणातल्या सोवळ्या घरांत सर्रास चालायचा. मूळ ‘शिंदळीच्या’, म्हणजे व्यभिचारिणीच्या. म्हणणाऱ्याच्या मनात त्यातलं काहीच नसायचं. हल्लीच्या कॉलेजातलं ‘भेंडी’ उलट वाटेने आलं: बहिणीवरची शिवी तोंडाशी आणायची आणि ऐनवेळी भाजीवर वळवायची. ‘च्यायला’चं ‘च्यामारी’ होतं ते तसंच.

मुलाला ‘हा शब्द घाणेरडा आहे’ असं सांगू नका. तो हसेल, कारण बाबाही म्हणतात. शब्द उकलून दाखवा, आणि कुठे चालतो, कुठे नाही, ते नेमकं सांगा: क्रिकेट खेळताना मित्रांत चालतो, बाईंसमोर नाही, पाहुण्यांसमोर नाही, लिहिताना नाही. आठवीतल्या मुलाला यादी समजते, मोघम उपदेश समजत नाही.

तुकोबांच्या अभंगात ‘कासेची लंगोटी’ बरोबर की दुसरा शब्द? विद्यार्थी इंटरनेटवर वाचून विचारतात आणि वर्गात हशा होतो.
*— मराठीचे शिक्षक, लातूर*

‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ या अभंगातली ती ओळ जुन्या गाथेत ‘भले तरि देऊं गांडीची लंगोटी’ अशी आहे. ‘कासेची’ ही नंतरची सारवासारव. ती इतकी सहज खपली याचं कारण छंदात आहे. मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४ अक्षरांचं. बोटांवर मोजा: भले तरि देऊं (६), गांडीची लंगोटी (६), नाठाळाचे काठी (६), देऊं माथां (४). ‘गांडीची’ तीन अक्षरी, ‘कासेची’ही तीन अक्षरी. बदल कानाला कळतच नाही.

अर्थाला मात्र कळतो. चांगल्या माणसासाठी आपल्या ढुंगणाला गुंडाळलेलं शेवटचं फडकंही सोडून देऊ, स्वतः उघडे पडू, असं तुकोबा म्हणतात. ‘कास’ म्हणताच ते उघडं पडणं जातं, एक वस्त्र तेवढं उरतं. शिवाय त्या काळच्या कुणब्याला हा शब्द अवयवाचं नाव म्हणून रोजचा होता. भांड्याच्या बुडालाही तो लावत. तुकोबा इथे कुणालाही शिवी देत नाहीत. आपण पांढरपेशे झालो आणि शब्द असभ्य ठरवला.

वर्गात अभंग पाठ्यपुस्तकाप्रमाणे वाचा, मग फळ्यावर अक्षरं मोजून दाखवा आणि दोन्ही शब्द सांगा. एकदा हसतील. मोजायला लागले की हसणं थांबतं.

मला रागावायला आवडतं, पण तोंडात येणारी प्रत्येक शिवी कुठल्या तरी बाईवर जाऊन पडते. दुसऱ्या शिव्या आहेत का?
*— वाचक, पुणे*

भरपूर आहेत, आणि त्यांच्या मागे शास्त्रही आहे. काव्यातल्या अश्लील दोषाचे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने तीन प्रकार सांगितले: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. आज शिवी म्हटलं की आपल्याला पहिलाच प्रकार आठवतो. मराठीची खरी श्रीमंती तिसऱ्यात आहे.

‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘मसणात गेलास’, ‘तुझा मुडदा बशिवला’, मालवणीतलं ‘शिरा पडली तुझ्या तोंडार’. यांची क्रियापदं बघा: गेलास, बशिवला, पडली. सगळा भूतकाळ. ‘तू मर’ असं म्हणत नाहीत. मेलासच, काम झालं, असं म्हणतात. त्यातच त्यांचा ठसका आहे. ‘तळपट होवो’, ‘वाटोळं होवो’ ही शापाची भाषा. ती कडाकडा बोटं मोडत, सावकाश बोलायची. घाईत म्हटली तर तिला वजन येत नाही. हे सगळं बायकांनी घडवलं आणि वापरून धारदार ठेवलं. ‘मेला’ तर आता शिवीही उरली नाही, लिंगाप्रमाणे बदलणारं विशेषण झालं: मेला पंखा, मेली बस, मेलं भांडं.

किळशीच्या प्रकारात शेण खाणे, तोंडाचं गटार, उकिरडा. मूर्खपणासाठी ठोंब्या, मद्दड, नंदीबैल, अकलेचा कांदा, दीडशहाणा. यातलं काहीही कुणाच्या आईकडे जात नाही.

दोन ठिकाणी सांभाळा. ‘भडवा’ आणि ‘भाडखाऊ’ पुरुषाला म्हणतात, पण दोन्ही शब्द बाईच्या देहविक्रीच्या कमाईवर उभे आहेत. दुसरं, जातींची आणि अपंगत्वाची नावं शिवी म्हणून वापरणं. तिथे शिवी समोरच्यावर थांबत नाही, जे हजर नाहीत अशा हजारोंना लागते. ती मुळीच वापरू नका, गमतीतही नाही.

आणि शिवीशिवाय अपमान करायचा तर मराठीसारखी भाषा नाही. अनोळखी माणूस ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला तर आपण ‘तो एकेरीवर आला’ म्हणतो आणि त्याचीही तक्रार करतो. उलट बाजूनेही मारता येतं. ज्याला रोज ‘अरे’ म्हणता त्याला ‘या, बसा, आपणच राहिला होता’ म्हणा. बहुवचन कधी कधी शिवीपेक्षा खोल जातं.

इंग्रजी मालिकांची मराठी उपशीर्षकं करते. दर वाक्यात येणाऱ्या त्या एका चार अक्षरी शब्दाचं काय करायचं? मी प्रत्येक ठिकाणी ‘च्यायला’ टाकते, ते कंटाळवाणं होतं.
*— अनुवादक, बंगळुरू*

कंटाळवाणं होतं कारण जागा चुकते. इंग्रजीत तो शब्द वाक्याच्या पोटात, कुठल्याही नामाच्या आधी बसतो. ‘च्यायला’ला वाक्याचा दरवाजा लागतो. तो सुरुवातीला येतो, फार तर शेवटी. मध्ये कोंबला की मोडतो.

म्हणून आधी तो शब्द त्या वाक्यात काय करतोय ते ठरवा. जोर वाढवत असेल तर मराठीत त्याला ‘मरणाचा’ आहे: मरणाची थंडी, मरणाचा ट्रॅफिक. वस्तूवर राग असेल तर मेला, भिकार, टुकार. धक्का असेल तर आयला, च्यायला. माणसावर वार असेल तर संबोधन वापरा, किंवा सर्वनाम खाली आणा. ‘तुम्ही’वरून ‘तू’ हे एका अक्षरात होतं आणि उपशीर्षकात जागा नेहमीच कमी असते. नुसता बोलण्याचा ठेका असेल तर सरळ गाळा. दृश्यात तो आवाज ऐकू येतोच आहे.

छापील शिवी उच्चारलेल्या शिवीपेक्षा जड लागते, हेही धरून चाला. पात्र दहा वेळा बोललं तर पडद्यावर तीन-चार वेळा पुरे. कोणत्या वेळा ठेवायच्या ते रागाच्या चढावरून ठरवा, मोजून समान वाटू नका.

छापताना फुल्या द्याव्यात की टिंबं?
*— दिवाळी अंकाचा संपादक, नगर*

पूर्ण शब्द किंवा काहीच नाही, हा आमचा कल. पहिलं अक्षर आणि पुढे फुल्या दिल्या की वाचक थांबून शब्द जुळवतो आणि शिवी दुप्पट वेळ डोळ्यांसमोर राहते. झाकायचंच असेल तर अंकभर एकच पद्धत ठेवा. अक्षरांइतक्याच फुल्या देऊ नका, ते कोडं होतं. कथनात ‘त्याने आईवरून एक कचकचीत शिवी हासडली’ असं लिहिणं हा जुना आणि उत्तम मार्ग आहे. ‘अश्लील व अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ हे मात्र फिर्यादीत शोभतं, कथेत नाही.

लेखकाला न विचारता शब्द बदलू नका.

आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत गावातल्या शिमग्याचा प्रसंग आहे. शिव्या आहेत. कायद्याने अडचण येईल का? आणि आजच्या प्रेक्षकाला तो प्रसंग पटेल का?
*— नाट्यमंडळ, नाशिक*

पटण्याचं आधी. सणातली शिवी आणि भांडणातली शिवी यांत फरक दाखवला तरच पटेल. शिमग्याला पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकतात, नाव घेऊन शिव्या देतात, आणि ज्याचं नाव घेतलं तोही हसतो, कारण वेळ ठरलेली असते. खंडाळा तालुक्यात, सातारा जिल्ह्यात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. तो ‘बोरीचा बार’. वेळ संपली की शिव्याही संपल्या. तुमच्या एकांकिकेत सुरुवातीची आणि थांबण्याची खूण स्पष्ट दिसू द्या: होळी पेटणं, ढोल थांबणं. संघर्ष हवा असेल तर एका पात्राला ढोल थांबल्यावरही शिवी देऊ द्या. ‘शिमगा गेला तरी कवित्व उरतं’ ही म्हण रंगमंचावर तशीच्या तशी दिसेल.

आता कायदा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी द्यावी लागते. स्पर्धेच्या तारखेच्या पुरेशी आधी द्या आणि मंजूर झालेलीच संहिता बोला. तालमीत आयत्या वेळी वाढलेली शिवी मंजुरीत बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९६ सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारण्याबद्दल आहे. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान कलम ३५२ मध्ये येतो, बाईच्या विनयाचा अपमान करणारे शब्द कलम ७९ मध्ये. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेबमालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. शब्दाचा कोशातला अर्थ न धरता त्याचा संदर्भ आणि परिणाम बघावा लागतो. हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

जातीवाचक शिवीची गोष्ट वेगळी. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली ६ महिने ते ५ वर्षं शिक्षेचा गुन्हा आहे. एकांकिका जातीय अत्याचाराबद्दलच असेल आणि तो शब्द पात्राच्या तोंडी अटळ असेल, तर संहितेसोबत मंडळाला लेखी खुलासा द्या: कोण बोलतो, कुणाला, आणि पुढच्या प्रसंगात त्याचं काय होतं. तालमीला तो शब्द ज्यांना लागतो अशी माणसं बसवा आणि त्यांचं ऐकून ओळ पक्की करा. शिमग्याच्या प्रसंगात खऱ्या गावातल्या खऱ्या माणसाचं नाव घेऊ नका. पात्रांची नावं पहिल्या तालमीआधीच ठरवून संहितेत घाला, कारण आयत्या वेळी नटाच्या तोंडी ओळखीचंच नाव येतं.